सीलबंद गौरी

जोह्यातल्या आमच्या कारखान्याला पूर्वी फाटक नव्हतं. रस्त्याच्या कडेला निळ्या ताडपत्रीच्या शेड, मागे भातखाचरं आणि मधल्या अंगणात उन्हात वाळत ठेवलेले पांढरे गणपती. पेणला जाणारी एसटी पकडायची तर गावातली माणसं त्या अंगणातूनच जायची, मूर्तींच्या मधून अंग चोरत. जाताजाता कुणी एखाद्या सोंडेला हात लावून पाया पडायचं, कुणी आमच्या माठातलं पाणी पिऊन जायचं. मी हिंगोलीकडची. आमच्याकडं दुसऱ्याच्या वावरातून पाय टाकला तरी भांडण होतं. मला सुरुवातीला वाटायचं, ही माणसं येडी आहेत का? कुणीही येतं, कुणीही जातं. मग लक्षात आलं की मी स्वतः तशीच आत आले होते.

माझी शाळा सातवीत सुटली. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर रोह्याला आले. तो तिथं केमिकल कंपनीत कंत्राटावर होता. कंत्राट संपलं आणि तो कामाच्या शोधात सुरतेकडं गेला. आधी त्याचे फोन यायचे, मग फक्त सणाला यायचे, मग सणालाही येईनात. गावाकडं परत जायचं तर कोणत्या तोंडानं? रोह्याच्या शेजारणीनं सांगितलं, पेणकडं गणपतीच्या कारखान्यांत बायकांना वर्षभर काम असतं. म्हणून एके दिवशी पिशवी घेऊन त्या अंगणात येऊन उभी राहिले. मालकाला कसं विचारायचं तेच जुळवत होते. एका मूर्तीच्या बुडाशी बसून कागद चिकटवणाऱ्या म्हाताऱ्या बाईनं मान वर केली.

"कोनाकडं आलीस गो?"

"काम पाहिजे होतं."

"काम हाय. जेवलीस काय?"

मी हो म्हणाले. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आपला डबा माझ्यापुढं सरकवला. लाल भात आणि सुक्या जवळ्याचं कालवण. मी तोवर जवळा कधी खाल्ला नव्हता. डबा पुसून खाल्ला. संध्याकाळी ती मला आपल्या घरी घेऊन गेली आणि मी अजून तिथंच राहते.

तिला सगळे मावशी म्हणायचे. धरमतरच्या खाडीकडची, मिठागरात राबलेल्या घरातली. मिठानं बोटांना पडलेल्या चिरा अजून बुजल्या नव्हत्या आणि आता त्यांत पीओपीची पांढरी भुकटी बसलेली असायची. तिचं काम बुडाचं. मूर्ती आतून पोकळ असते. रंगून झाली की ती पोकळी खालून जाड कागद चिकटवून बंद करायची. बायका तिला चिडवायच्या, "मावशे, आमी देवाचे डोले रंगवतो, तू देवाचं बूड बघ." ती म्हणायची, "डोले सगलेच बघतात गो. बूड फुटलं तर देव उबा ऱ्हाईल काय?"

आमचा बराचसा माल परदेशात जातो. तिकडं राहणारे आपले लोक गणपती मागवतात, त्याच्याबरोबर गौरीही. गौर ही माहेरवाशीण, सगळ्यांना ठाऊक आहे. ती इथून निघाली म्हणजे हा कारखाना तिचं माहेर, इतकं साधं आमच्या बायकांचं म्हणणं. लाकडी पेटीत पेंढ्यावर गौर निजवली की मावशी तिच्या पायाशी एक पुरचुंडी ठेवायची. त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी. तांदूळ तिच्या घरचे, खाडीकाठच्या खारेपाटातल्या शेतातले, लाल. मग झाकण ठोकायचं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं आणि मालकांनी कधी विचारलं नव्हतं.

माझी आई आजारी होती तेव्हा मी एकदाच गावाकडं जाऊन आले. निघताना मावशीनं पाट मांडला. शेजारच्या बायका दारात कुजबुजल्या, टाकलेल्या बाईची ओटी भरायची का म्हणून. मावशीनं ऐकलं.

"ती माज्या घरातून चाललीय," ती बोलली. "रिकामी कशी जाईल?"

मावशीनं ओटीत घातलेल्या तांदळांचा भात मी गावाकडं आईला करून घातला. आई म्हणाली, "आता मला तुझी काळजी नाही, तुला तिथं कुणीतरी आहे." त्यानंतर मी देवाकडं स्वतःसाठी फार काही मागितलं नाही.

मग सर्टिफिकेटचं सुरू झालं.

आदल्या वर्षी आमचा एक कंटेनर बंदरात तपासणीला काढला होता. सगळ्या पेट्या उघडल्या, हमालांनी परत भरल्या. ज्यांनी कधी मूर्ती हाताळली नाही त्यांनी भरल्या म्हटल्यावर काय होणार? बोटं गेली, कान गेले, आणि उरलेला माल पोचला तोवर तिकडं विसर्जन होऊन गेलं होतं. चतुर्थीनंतर गणपतीला कोण दारात घेतं? मग मालकांना कुणीतरी सांगितलं की सरकारनं नवीन योजना आणलीय. कस्टमवाले एकदा तुमचा कारखाना, तुमची माणसं, तुमची कागदपत्रं तपासून बघतात. पटलं तर भरवशाचा व्यापारी म्हणून सर्टिफिकेट देतात आणि मग तुमचा कंटेनर सहसा उघडत नाहीत. पूर्वी हे मोठ्या कंपन्यांचंच काम होतं. आता म्हणे आपल्यासारख्या लहानांनाही बोलावतात, कारण देशाचा माल वाढलाय आणि प्रत्येक कंटेनरचा डबा उघडायला माणसं कुठून आणणार?

कागदांसाठी मालकांनी एक सल्लागार धरला. त्यानं पहिल्याच दिवशी अंगणात उभं राहून विचारलं, "इथे आत यायचा रस्ता कुठला?"

मालक हसले. "सगळीकडून हाय."

सल्लागार हसला नाही.

कसं असायला पाहिजे ते बघायला तो आम्हाला रोह्याला घेऊन गेला. तिथल्या एका कंपनीकडं ते सर्टिफिकेट होतं. मालक मलाही घेऊन गेले. मला लिहितावाचता येतं आणि मी प्रत्येक गोष्ट दोनदा बघते, म्हणून पॅकिंग त्यांनी माझ्या हाती दिलं होतं. खरं सांगायचं तर दोनदा बघणं हा माझा गुण नाही, ती भीती आहे. घराला कुलूप लावून मी अर्ध्या वाटेवरून परत येते. त्याच भीतीवर मला बढती मिळाली. ती कंपनी नवऱ्याच्या जुन्या कंपनीच्याच रस्त्यावर होती. मी पूर्वी त्याचा डबा घेऊन असल्याच एका फाटकाबाहेर उन्हात उभी राहायचे. आता वॉचमननं माझ्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवलं आणि "या मॅडम" म्हणाला.

आत सगळं आखलेलं. माणसांची वाट वेगळी, मालाची वेगळी. तयार मालाच्या खोलीत ठरलेल्या माणसांशिवाय कुणी नाही. प्रत्येकाच्या गळ्यात फोटोचं कार्ड. परतताना खांब गावात थांबलो, तिथं आमच्या पेट्या करणारा सुतार आहे. मालकांनी त्याला सांगितलं की आता लाकूड भट्टीत तापवून शिक्का मारलेलंच पाहिजे. मग चहा घेताना म्हणाले, "आपल्याकडं कार्ड कोणाकोणाला मिळेल?"

"ज्यांची कागदपत्रं नीट आणि पोलिसांचा दाखला असेल त्यांना," सल्लागार म्हणाला. "बाकीच्यांना फाटकाच्या बाहेर."

मी चहाचा कप खाली ठेवला. मावशीच्या कागदांवर तिचं वय एका ठिकाणी एक होतं आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं. तिच्या नावातही सासरचं आणि माहेरचं एकमेकांत घुसलेलं. भिंत चढायला लागली, फाटक बसलं, कॅमेरे आले, आणि मी मावशीला घेऊन पेणला हेलपाटे घालायला लागले. तहसील कार्यालय, आधार केंद्र, पोलीस ठाणे. मावशी बाकावर पाय वर घेऊन बसायची.

"अगो, मी जनमल्यापासून हितंच हाय. माजा कसला दाखला? खाडीला विचार."

"खाडीला शिक्का नाही मावशी."

"मग तुजा दाखला हाय ना? तू परमुलखातली, नि तुला आधी मिलाला!" आणि ती इतकी मोठ्यानं हसली की शिपायानं मागं वळून बघितलं.

खरंच, माझे कागद तिच्याआधी पास झाले होते. मला त्याची लाज वाटायची. ज्या अंगणात तिनं मला बसवलं तिथं मी राहणार आणि ती बाहेर, हे मनातून जाईना. शेवटी तिचंही काम झालं. फोटोत ती घाबरल्यासारखी दिसत होती, पण कार्ड आलं. ती ते देवाजवळ ठेवायची आणि निघताना गळ्यात घालायची. मी एवढी हलकी झाले की कितीतरी दिवसांनी गाढ झोपले.

कस्टमच्या अधिकारी मॅडम पहिल्यांदा बघायला आल्या तेव्हा मावशीनं त्यांना पाट दिला. मॅडम पाटावर बसल्यासुद्धा. चांगल्या होत्या त्या. बायकांना म्हणाल्या, "तुम्ही सगळ्या चांगल्याच आहात, मला दिसतंय. पण मला ते तपासायचं नाही. उद्या एखादा वाईट माणूस इथे शिरला तर त्याला तुमच्या मालात काही घालता येईल का, एवढंच मला बघायचंय."

"वाईट मानूस हितं कशाला येईल?" मावशी बोलली. "हितं हाय काय?"

"मावशी, परदेशात जाणारा डबा आहे," मॅडम म्हणाल्या. "तेवढं पुरतं."

नंतर नियम आले. पेंढा बंद, किडे असतात. फोम वापरायचा. पेटीत मूर्ती आणि फोम, तिसरी वस्तू नाही. ते मीच सगळ्यांना वाचून दाखवलं.

"तिसरी वस्तू म्हणजे?" एकीनं विचारलं.

"काहीच नाही. हळकुंडसुद्धा नाही. धान्य तर नाहीच, दुसऱ्या देशात धान्याची कीड चालत नाही."

"म्हणजे लेक सासरी पाठवायची नि हात झाडून मोकलं व्हायचं," दुसरी बोलली. "भारी हाय गो कायदा."

"कस्टमवाल्यांच्या लेकी नसतील."

हसल्या सगळ्या. मावशी हसली नाही. ती हातातल्या गौरीच्या बुडाला खळ लावत होती. मी म्हणाले, "मावशी, ऐकलंस ना? पेटीत काही ठेवायचं नाही."

"ऐकलं गो बाय. पेटीत नाय ठेवनार."

तिनं शब्द पाळला.

गौरींचा कंटेनर आम्ही कॅमेऱ्यासमोर भरला. प्रत्येक पेटी मी बघितली, दोनदा. मालकांनी स्वतःच्या हातानं सील ठोकलं. सर्टिफिकेटचा अर्ज कस्टमकडं गेला होता, आता फक्त हा माल नीट जायचा होता. माल बंदरात पोचला आणि मालकांचा फोन वाजला. ते मला म्हणाले, "गाडीत बस."

बंदरात कंटेनर उघडण्याआधी मोठ्या यंत्रातून आतलं चित्र काढतात. मॅडमनी आम्हाला पडद्यावर ते दाखवलं. ओळीनं निजलेल्या गौरी, सावल्यांसारख्या. आणि प्रत्येकीच्या पोटात एक गाठोडं.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं. त्या दिवशी आवाज वेगळा होता.

मालक माझ्याकडं बघायला लागले. पोकळ मूर्तीच्या पोटात लपवलेली पुडी म्हणजे काय समजतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, टीव्हीवर बघितलंय. त्यांनी तोवर काही गौरी फोडल्याही होत्या. शेडमध्ये एका टेबलावर ते सगळं मांडलं होतं. चिंध्या सोडलेल्या. हातमोजे घातलेला एक माणूस लाल तांदळाची रास चिमट्यानं सारखी करत होता. शेजारी हळकुंडं आणि सुपाऱ्या. आणि खाली जमिनीवर गौरींचे तुकडे, एकीचा चेहरा सबंध राहिला होता आणि तो छताकडं बघत होता.

मी म्हणाले, "मॅडम, ही ओटी आहे."

मॅडम मराठीच होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मला कळतंय," त्या म्हणाल्या. "पण मी कागदावर काय लिहू? तुमच्या सीलच्या आत, तुमच्या कॅमेऱ्यांच्या समोर, प्रत्येक मूर्तीत कुणीतरी काहीतरी भरलं आणि तुम्हाला पत्ता नाही. आज तांदूळ निघाले. म्हणून तुम्ही वाचलात." मग मालकांना म्हणाल्या, "ज्यानं हे ठेवलं तो माणूस मालाजवळ राहता कामा नये. तोवर अर्ज पुढं जाणार नाही."

परत आलो तेव्हा बायका जेवायला बसल्या होत्या. मालक दारातच उभे राहिले. त्यांनी विचारायच्या आधी मावशीनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि माझ्याकडं बघितलं.

"काय झालं?"

"गौरी फोडल्या मावशी," मालक बोलले. "पोटात काय हाय बघायला फोडल्या."

तिच्या हातातला घास ताटात पडला. "पोटुशी समजले काय रे?" असं काहीतरी पुटपुटली. मग सरळ बसली. "मी ठेवलं. माजेच तांदूल. पेटीत ठेवायचं नाय बोललात, मी पेटीत नाय ठेवलं. तिच्यात ठेवलं. तिच्यात ठेवायचं नाय असं कोन बोललं?"

कुणी बोललं नव्हतं. नियमात तसं लिहिलंच नव्हतं, कारण नियम करणाऱ्याच्या मनात ते येणारच कसं? पूर्वी ती पुरचुंडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पेंढ्यावर ठेवली जायची. पेंढा काढला, मनाई केली, म्हणून ती पोटात गेली आणि चोरीसारखी दिसली.

मालक वाईट माणूस नाहीत, हे मला लिहायचंच आहे. त्यांच्यामुळं मी पोट भरते. त्यांनी धडपड केली. मावशीला रंगाच्या शेडमध्ये बसवू म्हणाले, तर सल्लागारानं सांगितलं तीही भिंतीच्या आतच येते. घरी काम देऊ म्हणाले, तर अर्धवट मूर्ती भिंतीबाहेर न्यायची नाही. शेवटी ते स्वतः मावशीच्या घरी आले आणि पडवीत बसले. मावशीनंच देवाजवळचं कार्ड आणून त्यांच्या हातात दिलं.

"फोटो तरी ठेवू काय?" तिनं विचारलं. "बाकी माजा येकबी फोटो नाय."

फोटो कार्डात चिकटवलेला होता. निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सवयीनं माझ्याबरोबर निघाली. फाटकापाशी आल्यावर थांबली. वॉचमन नवीन होता, त्याला काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "आजी, कुणाला भेटायचंय?" तिनं मला हातानं आत जायची खूण केली. मी गेले. मी गेले, कारण मला दुसरं कुठं जाता येत नाही. मागं वळून बघितलं तेव्हा ती पिशवीतून डबा काढत उभी होती, माझा डबा तिच्याकडंच राहिला होता. वॉचमननं तो फाटकाच्या गजातून घेतला, उघडून तपासला आणि मला दिला.

सर्टिफिकेट मिळालं. मालकांच्या खोलीत काचेत लावलंय. आता आमचा डबा सहसा कुणी उघडत नाही. मागच्या हंगामात एकाही गणपतीचं बोट मोडलं नाही, सगळे वेळेवर पोचले. आसपासच्या गावांतले कारखानदार बघायला येतात, गळ्यात पाहुण्याचं कार्ड घालून. मी त्यांना दाखवते. माणसांची वाट, मालाची वाट. एसटीला जाणारे लोक आता भिंतीला वळसा घालून जातात.

बुडाला कागद लावायच्या आधी प्रत्येक मूर्तीच्या पोटात हात घालून बघायचं, हा नवीन नियम आमच्याचमुळं आला आणि ते काम माझ्याकडं आहे. गणपतीचं काही वाटत नाही. गौर आली की माझा हात आत जाताना थांबतो. आतून ती खरबरीत आणि थंड असते. मी सगळीकडून चाचपते. दोनदा. हात बाहेर येतो तेव्हा त्याला पांढरी भुकटी लागलेली असते, बाकी काही नाही. मी सही करते.

घरी मावशी चुलीपुढं असते. तिचे गुडघे आता धरलेत, शेतावर जाणं होत नाही. पडवीत बसून ती रस्त्यानं जाणारे कंटेनर बघते. कोणता आपला ते तिला बरोबर कळतं. मी हातपाय धुऊन येईपर्यंत ती पाट मांडते.

"आज कोन गेलं?" काल तिनं विचारलं.

"गौरी."

"सगल्या?"

"सगळ्या."

ती भात वाढत होती. लाल भात, वाफ येत होती. उलथनं हातात धरून थांबली.

"रिकाम्याच?"

तिनं माझ्या ताटात आणखी एक उलथनंभर भात घातला आणि ताट माझ्याकडं सरकवलं.

"जेव," म्हणाली.